पालथं पिंप

माझं शिक्षण चौथीपर्यंत. अक्षर किरटं आहे, ऱ्हस्व-दीर्घ कुठे चुकलं असेल तर सांभाळून घ्या. तोंडाने मला हे कुणाला सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

आमच्या गल्लीतले अण्णा दर रविवारी सकाळी काचेचा पेला घेऊन निघायचे. बिबवेवाडीत आमच्या पत्र्याच्या सहा खोल्या आणि कोपऱ्यावर अण्णांच्या मुलाचं दुमजली घर. अण्णा हेडक्लार्क होऊन निवृत्त झालेले. कुणाच्याही पिंपात पेला बुडवायचा, उन्हात धरायचा आणि आत वळवळणाऱ्या डासांच्या अळ्या त्या घरच्या बाईला दाखवायच्या. "बघा, चांगलं बाळसं धरलंय. बारसं कधी?"

रविवार हा त्यांनी ठरवलेला कोरडा दिवस. साठवलेलं पाणी ओतायचं, पिंप घासून पालथं घालायचं. आमचा नळ जेमतेम तासभर यायचा. शेजारची सुमन एकदा म्हणाली, "अण्णा, तुमच्या गच्चीवर टाकी आहे. आम्ही काय पेल्यात अंघोळ करायची?"

"डेंग्यू झाल्यावर करा की सावकाश. दवाखान्यात चोवीस तास पाणी असतं."

मला असं उत्तर देता यायचं नाही. म्हणून अण्णा माझं जुनं पिंप स्वतःच पालथं घालून गेले. "शांताबाई, हे आता हलवायचं नाही. शिस्त म्हणजे शिस्त." मी हलवलं नाही. पालथ्या पिंपाच्या बुडाला काठ असतो आणि त्यात पावसाचं पाणी साठतं, हे त्यांच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही.

श्रावणात सुमनचा मुलगा डेंग्यूने दवाखान्यात गेला. महापालिकेचा माणूस तपासायला आला, तर अळ्या सापडल्या माझ्या पिंपाच्या बुडावर. हजार रुपये दंड. शिवणयंत्रासाठी साठवलेले दिले.

सगळ्यांसमोर सुमन म्हणाली, "दिसते गरीब, पण माझं पोर हिनेच आजारी पाडलं." अण्णा पेला घेऊन शेजारीच उभे होते. त्यांच्या एका वाक्याने भागलं असतं. ते पेल्यात बघत राहिले.

मुलगा बरा झाला. सुमन माझ्याशी बोलेना, हळदीकुंकवालाही बोलवेना.

पुढच्या रविवारी अण्णा पेला न घेता आले. पन्नासची नोट पुढे केली. "दंडाचे. बाकीचे देईन."

"पैसे नकोत, अण्णा. सुमनला तेवढं सांगा, पिंप तुम्ही घातलं होतं."

"सांगतो," म्हणाले. सांगितलं नाही. दर रविवारी पन्नास मात्र येत राहिले, कधी नोट, कधी सुटे. दुमजली घर आणि देणं हप्त्याने! माझा संताप व्हायचा.

एकदा मी मंडईतून परत येत होते. बसच्या खिडकीतून अण्णा दिसले. दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या, उन्हात चालत निघालेले. संध्याकाळी मी विचारलं, "बस मिळाली नाही का?"

"बसचे पैसे सूनबाई देते," ते म्हणाले. "पेन्शनचं पुस्तक मुलाकडे असतं. माझ्या हातात एवढेच येतात."

त्यानंतर मी सुमनचं नाव काढलं नाही. पैसे घेत राहिले. घेतले नसते, तर त्यांना तेवढंही जमलं नाही असं झालं असतं.

शेवटच्या रविवारी म्हणाले, "मोजून घ्या, शांताबाई."

मी मोजले. हजार पुरे झाले होते. अण्णा सुमनच्या दारापर्यंत गेले, थोडा वेळ उभे राहिले आणि कडी न वाजवता घरी गेले.