अर्ध्या पोस्टरची मोहीम

तमाम गिटारबहाद्दर, ड्रमबहाद्दर, भिंतीवर कागद चिकटवणारे आणि चिकटवलेला कागद काढून नेणारे, ऐशा लहानथोर मंडळींस जाहीर व्हावे, की शनिवारची मैफल कैसी बुडत होती आणि ताईसाहेबांनी ती कैसी राखली, त्याची हकिकत येथे साद्यंत लिहिली आहे. पदरचे तिखटमीठ लावणार नाही. रंग मात्र थोडा लागेल, कारण मूळ प्रकरणच रंगाचे आहे.

ताईसाहेब म्हणजे बँडचे म्होरके गिटारवाले यांच्या थोरल्या भगिनी. पेशा कापडी पिशव्यांवर दुकानांची नावे छापण्याचा. कारखाना म्हणजे जिन्याखालची खोली, तीत छपाईच्या चौकटी, शाईचे डबे आणि एक पंखा, तोही मेहेरबानी केल्यागत फिरणारा. दिवसा पिशव्यांची चाकरी करावी आणि सांजेस बंधूंच्या मैफलीचे पोस्टर छापावे, ऐसा शिरस्ता. आणि पोस्टर तरी कैसे? एकाच चौकटीत नारिंगी आणि गुलाबी शाई शेजारी शेजारी ओतावी आणि रबरी पट्टी एका दमात ओढावी, मग दोन्ही रंग एकमेकांत ऐसे शिरत की एक कोठे संपला आणि दुसरा कोठे लागला हे खुद्द ताईसाहेबांस सांगता न यावे. मध्ये एका बाईचा मुखडा, तिचे केस वाऱ्यावर सुटलेले, आणि तारीख, वेळ, जागा ही सारी अक्षरे त्या केसांतच मेणासारखी वितळून वाहिलेली. पाहणाऱ्याचे डोळे गरगरत, पण तेथून हलत नसत.

ऐसी पोस्टरे चौकापासून कॉलेजपावेतो भिंतोभिंती लागली आणि शनिवारी हॉल रिकामा. फौज म्हणावी तर ड्रमवाल्यांची मावशी आणि हॉलचे मालक, त्यांतही मालक दिवे बंद करावयास थांबलेले. मग खलबत बसले. बंधूंनी बहुत आढेवेढे घेऊन तोंड उघडले.

"ताई, लोकांना वाचताच येत नाही गं. काळ्या अक्षरात सरळ लिही ना."

ताईसाहेबांचे काळीज चरकले, तरी हुकूम शिरसावंद्य मानून त्यांनी काळ्या अक्षरांत सरळ लिहिले. तो कागद सातही दिवस भिंतीवर जैसा लावला तैसा राहिला. कोणी बोट लावले नाही आणि कोणी वाचलाही नाही. शनिवारी मावशीही आल्या नाहीत. तेव्हा मालकांनी निर्वाणीचा खलिता धाडला, की येता शनिवार शेवटचा, पुढे हॉल नाचत नाचत वजन उतरवणाऱ्या क्लासच्या ताब्यात जाईल. बँडने त्यावर ऐसी मसलत केली, की आता मोबाइलवर निरोप फिरवावे आणि पोस्टरखाते खालसा करावे. ताईसाहेब मुखाने बरे म्हणाल्या. रात्री जेवल्या नाहीत. पिशव्या तर पोटासाठी छापायच्या होत्या, पण जीव पोस्टरांत होता.

ऐशा दुःखात दैवाने दाढेवर हल्ला चढविला. गाल फुगला, बर्फाची शिकस्त जाहली आणि ताईसाहेब दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत आडव्या पडल्या. तोंडात आरसा, नळी, कापूस ऐसा सारा सरंजाम घुसला आणि त्यांची नजर सहज वर गेली, तो छतावर नारिंगी-गुलाबी केस सोडून त्यांचीच बाई! ताईसाहेब "आं आं" करून बोट वर दाखवू लागल्या. डॉक्टरांस वाटले दुखते आहे, आणि त्यांनी दयाबुद्धीने आणखी एक इंजेक्शन ठोकले.

तोंड मोकळे होताच ताईसाहेबांनी उरलेल्या अर्ध्या जिभेने विचारले, की हे येथे कैसे? डॉक्टर निर्मळ मनाने वदले, की सकाळी फिरावयास गेलो असता भिंतीवर दिसले, खळ ओलीच होती, अलगद निघाले. पेशंट वर पाहत राहतात, ओरडत नाहीत. आमच्या इमारतीत आणखी तिघांकडे आहे.

"मग गाण्याला का नाही आलात?"

"कुठल्या गाण्याला?" डॉक्टर छताकडे पाहू लागले. "ही जाहिरात आहे? मला वाटलं चित्र आहे. नशीब, पुरं मिळालं. अर्धं फाटलं असतं ना, तर मला चैन पडलं नसतं."

हे शब्द कानी पडले मात्र, ताईसाहेब दाढ विसरल्या आणि तडक बँडच्या तालमीत दाखल जाहल्या. भिंतींवर डावे अर्धे लावावे, उजवे अर्धे हॉलच्या दारात द्यावे, तेही शेवटचे गाणे संपल्यावर, आणि खाली ठळक सरळ अक्षरांत तैसे लिहावे, ऐसा बेत त्यांनी वाकड्या तोंडाने मांडला. बासगिटारवाल्यांनी शंका काढली, की अर्ध्या कागदासाठी कोण येतो?

"पुरा देऊन बघितला ना?" ताईसाहेब म्हणाल्या. "आता अर्धा देऊन बघू."

मग जिन्याखाली रणकंदन माजले. शाई संपली, पंखा बंद पडला, ओले कागद पायऱ्यांवर वाळत पडले आणि वरच्या मजल्यावरील मंडळी कठड्याला धरून तिरपी उतरू लागली. डाव्या अर्ध्यात एक डोळा, अर्धे ओठ, आणि केस निघाले ते कागदाच्या काठावरच तुटलेले. सांजेस भिंती सजल्या, दुसऱ्या सकाळी साफ. बंधू हवालदिल जाहले. ताईसाहेब मात्र उजव्या अर्ध्यांवर पट्टी ओढत राहिल्या.

शनिवारी काखेत गुंडाळ्या मारून फौज लोटली. अग्रभागी दातांचे डॉक्टर सहकुटुंब, मागे बँकवाले, बसचे ड्रायव्हर, कॉलेजची पोरे, आणि क्लासच्या बाईही, त्यांच्याही काखेत गुंडाळी. हॉल ठासून भरला. परंतु सारे हाताची घडी घालून उभे, जैसे बिल भरावयाच्या रांगेत. एका काकांनी पहिल्याच गाण्यानंतर, शेवटचे ते हेच काय, ऐसी बंधूंस पृच्छा केली. बंधूंचा चेहरा उतरला, पण हात थांबला नाही. आणि मग तिसऱ्या गाण्यात ड्रमवाले ऐसे पेटले की आधी पावले हलली, मग माना, मग काकांनी गुंडाळीच वर धरून फिरवावयास प्रारंभ केला.

ताईसाहेब दाराशी टेबल मांडून उजव्या अर्ध्यांची थप्पी राखीत बसल्या होत्या. शेवटचे गाणे संपले. त्या सरसावून उभ्या राहिल्या. कोणी वळले नाही. आत एकच कल्लोळ, की आणखी एक, आणखी एक! ताईसाहेबांस क्षणभर राग आला, की ज्या कागदासाठी यांनी भिंती सोलल्या तो येथे फुकट ठेवला आहे आणि कोणास शुद्ध नाही. मग ध्यानी आले, की आपण आजवर प्रत्येक मैफलीत दाराकडेच डोळे लावून बसलो, धाकट्याचे एक गाणे धड ऐकले नाही. त्या टेबल सोडून गर्दीत शिरल्या. बंधूंनी त्यांना पाहिले आणि गिटार ऐसी काही छेडली, की ताईसाहेबांस रडू कोसळले, आणि त्यांनी ते पुसले नाही.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. शनिवार बँडकडे कायम राहिला, पोस्टरखाते ताईसाहेबांस बहाल जाहले, क्लासला बुधवार मिळाला. आणि हेही दप्तरी नमूद असावे, की त्या सांजेस ताईसाहेबांच्या हातची पोस्टरे उघड्या दारात बेवारस पडली होती, कोणी एकही उचलत नव्हते, आणि ते पाहून त्यांच्याएवढे सुखी त्या हॉलात दुसरे कोणी नव्हते.