स्वर्गीय इस्तारीचा खोकला

इस्तारीला स्वतःच्या मरणाची बातमी चामोर्शीच्या बाजारात, वांगी निवडताना कळली. वांगीवाल्या बाईने मांडीजवळ चायना मोबाईल ठेवला होता आणि त्यातून मयतीचं भजन चाललं होतं. बाई त्यात इतकी बुडाली होती, की मापात मारायचंही विसरली होती.

आवाज ओळखीचा वाटला म्हणून इस्तारीने विचारलं, "कोण गाऊन राह्यलं व बाई हे?"

"सर्गवासी इस्तारी आहे. लय देवमाणूस होता म्हणते."

"होता? इस्तारी तं मीच आहो."

बाईने मोबाईल उचलून त्याच्यासमोर धरला. फोटो त्याचाच होता, मतदान कार्डावरचा. त्या फोटोत तो मुळातच फारसा जिवंत दिसत नव्हता. आता वरून झेंडूचा हार चढवला होता.

"तुम्ही मेले आहा का?" बाईने विचारलं.

"नाई."

"मंग हे तुम्ही नाई," असं म्हणून बाईने विषय संपवला आणि वांगी तोलली.

इस्तारी पहाटे गावच्या तलावात जाळं टाकायचा, पण पंचक्रोशी त्याला ओळखायची ती मयतीच्या भजनासाठी. कोणाच्याही घरी कोणी गेलं की बोलावणं यायचं. तिरडीपुढे इस्तारी, त्याच्या बाजूला गळ्यात मृदंग अडकवलेला नथ्थू, आणि मागे सगळं गाव. त्याचा आवाजच असा होता, की दुसऱ्या कोणत्या कामाला तो चालायचा नाही. एकदा हौसेने त्याला बारशाला बोलावलं होतं. बारसं पार पडलं, पण बाळाची आजी त्या दिवशी जेवली नाही.

गेल्या उन्हाळ्यापासून बोलावणी कमी झाली होती. लोक मरायचे थांबले असतील, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती. आता कारण कळलं. वांग्यांची पिशवी घेऊन तो तडक भाच्याच्या दुकानात गेला.

निकेशचं पूर्वी कॅसेटचं दुकान होतं. कॅसेटी कोणी विचारेना, तेव्हा त्याने त्या खोक्यात भरून माळ्यावर टाकल्या, एक जुना कॉम्प्युटर आणला आणि बाहेर पाटी लावली: 'येथे मोबाईलमध्ये गाणे भरून मिळतील.' दर शनिवारी तो बसने गडचिरोलीला जायचा आणि नेट कॅफेत बसून आठवड्याची गाणी उतरवून आणायचा. आख्खा तालुका मग सोमवारपासून तीच गाणी ऐकायचा.

"निकेश, मले कोणं मारलं?"

"मामा, बसा न. चहा सांगतो."

"मेलेल्या माणसाले चहा पाजतं का बे?"

मग निकेशने सगळं सांगितलं. मागच्या वर्षी पोचू पाटलाच्या मयतीत त्याने मोबाईलवर भजन भरून घेतलं होतं. ते त्याने नेटवर चढवलं. महिना झाला तरी कोणी ऐकेना.

"मंग मी नावासमोर स्वर्गीय टाकलं अन् फोटोले हार घातला. मामा, दुसऱ्याच दिवसापासून जे चाललं! जित्या माणसाचं मयतीचं भजन कोणी उतरवून घेत नाई. लोकायले वाटते, याले काय माहीत मरण?"

"काढून टाक."

"पासवर्ड भुललो. अन् काढून तरी काय फायदा? या मोबाईलातून त्या मोबाईलात ब्लूटूथनं चाललं आहे. आलापल्लीच्या पल्याड गेले तुम्ही. तिकडं तं तुमच्या खोकल्यावर लोक रडून राह्यले."

"कोणता खोकला?"

निकेशने भजन लावलं. तिसऱ्या कडव्यात इस्तारीला जोराचा खोकला आला होता. तोंडातला तंबाखू-सुपारीचा खर्रा घशात गेला होता त्या दिवशी, बाकी काही नव्हतं. पण ऐकणाऱ्यांना वाटायचं, हा गाता गाताच गेला. तिथे बाया हंबरडा फोडायच्या. आष्टीकडच्या एका मंडळाने तर आपल्या भजनात तो खोकला बसवूनही घेतला होता; त्यासाठी वेगळा माणूस ठेवला होता.

इस्तारी घरी आला तेव्हा ओसरीवर परगावच्या चारपाच बाया त्याच्या बायकोला, इंदिराबाईला मधे घेऊन रडत होत्या. तिच्या माहेरच्या गावात भजन उशिरा पोचलं होतं, त्यामुळे सांत्वनालाही उशीर झाला होता.

"हे पाहा, जिते आहेत न हे," इंदिराबाई म्हणाली.

बायांनी इस्तारीकडे पाहिलं. त्यातली सगळ्यात म्हातारी हळूच म्हणाली, "असं दिसतं बाई सुरवातीले. मलेही दिसत होते."

शेवटी चहा इस्तारीनेच केला. बाया गेल्यावर इंदिराबाई म्हणाली, "मेल्यावर तरी वेळेवर घरी येत जा. अन् वांगे किडके आणले."

गावातली पोरंटोरं त्याला 'स्वर्गीय काका' म्हणू लागली, तेही त्याने सोसलं. तीन घरांच्या मयती त्याच्याशिवाय निघाल्या, तेही सोसलं. प्रत्येक वेळी घरचे लोक येऊन सांगायचे, "भाऊ, तुमचंच भजन लावलं होतं," जसा काही तो स्वतः जेवून गेला होता. यावर तो आणि नथ्थू तलावाच्या पाळीवर बसून बोलायचे.

"तुह्या मयतीत मीच गाईन," इस्तारी म्हणायचा. "मोबाईल नाई लावू देणार."

"अन् तू पहिले गेला तं?"

"मी तं गेलोच आहो."

नथ्थू हसायचा, पण तो म्हणायचा, "शब्द दिला तू, इस्तारी. मोबाईलच्या भरवशावर मले पाठवू नको गा."

धान कापणीला आलं तेव्हा नथ्थू गेला. सकाळी चूळ भरताना बसला तो उठलाच नाही. इस्तारीला निरोप आला नाही. त्याच्या दारावरून लोक बांबू घेऊन गेले, तेव्हा त्याला कळलं. तो तसाच निघाला.

नथ्थूच्या अंगणात तिरडी बांधून झाली होती आणि पुढच्या बांबूला रबराने मोबाईल करकचून बांधला होता. बरोबर त्या जागी, जिथे इस्तारी चालायचा.

"प्रफुल, हे काढ," इस्तारी नथ्थूच्या पोराला म्हणाला. "मी गातो. तुह्या बापाले शब्द दिला होता."

"काका, तुमचाच तं आवाज आहे आतमंदी. तुम्ही काऊन तरास घेता?"

प्रफुलचा साळा लालसू आलापल्लीहून आला होता. त्याने विचारलं, "हे कोण आहेत?"

"इस्तारी काका."

"ते वारले न?" लालसूने इस्तारीला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "बरं, गाऊ द्या. म्हातारं माणूस आहे."

इस्तारी गायला. डोळे मिटून, होता नव्हता तेवढा जीव लावून गायला. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. तिसऱ्या कडव्याला बायांनी पदर तोंडाशी नेले आणि त्या थांबल्या. कडवं संपलं. कोणीच रडलं नाही. पदर तसेच अधांतरी राहिले.

नथ्थूची बायको भागीरथा हळूच म्हणाली, "भाऊजी, खोकला राहून गेला."

"तो भजनात नसते, वैनी. तो खर्रा होता."

"तसं नका करू. यांच्या मयतीत कमी नका पडू देऊ."

भागीरथाकडे पाहून इस्तारी खोकला. बायांनी एकमेकींकडे पाहिलं.

"हा तसा नाई," एक म्हणाली.

तो पुन्हा खोकला, जरा खोलातून.

"हा सर्दीचा आहे," दुसरी म्हणाली.

तिसऱ्यांदा तो इतका खोकला, की कोणीतरी पाणी आणून दिलं. मग प्रफुलने मुकाट्याने मोबाईलची कळ दाबली. स्वर्गीय इस्तारी गाऊ लागला, तिसऱ्या कडव्यात खोकला आणि सगळं अंगण फुटून रडलं. तिरडी उठली. इस्तारी मागच्या माणसांत चालू लागला.

नदीच्या वाटेवर, विसाव्याच्या ठिकाणी तिरडी खाली टेकवली आणि मोबाईल बंद पडला. रात्रभर लाईन नव्हती, त्यामुळे बॅटरी अर्धीच भरली होती. भजन भरलेला मोबाईल तिथे तेवढा एकच होता; बाकीच्यांचे साधे, बोलण्यापुरते. धानावरून वारा जात होता, तेवढाच आवाज.

"काका," प्रफुल खाली मान घालून म्हणाला, "आता तुम्हीच."

इस्तारी तिरडीपुढे आला. घसा साफ केला, तेव्हा दोन बाया उगाच हुंदकल्या. त्याने पहिली ओळ म्हटली आणि थांबला. अंगणात रागाच्या भरात त्याला जाणवलं नव्हतं, ते आता जाणवलं. ओळ संपली की नथ्थूची थाप पडायची आणि ती थापच पुढची ओळ ओढून आणायची. आयुष्यभर तसंच चाललं होतं. त्याने पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तिथेच थांबला. बाजूला कोणी नव्हतं. नथ्थू खाली होता, तिरडीवर, आणि आज तो काही वाजवणार नव्हता.

"भुलले वाटते," लालसू कुजबुजला.

इस्तारी वाकला, बांबूवरचा मोबाईल हातात घेतला आणि लोकांकडे वळला. "कोणाजवळ याची बॅटरी आहे?"

"काय?"

"बॅटरी गा, बॅटरी! काढा आपापल्या. नथ्थू आहे याच्यात. मृदंग त्याचाच आहे."

मग विसाव्यावर सगळी मयत मोबाईलच्या पाठी उघडून बसली. कोणाची बॅटरी जाड, कोणाची पातळ, कोणाची बसली पण चालेना. म्हातारे ओरडू लागले की तिरडी इतका वेळ टेकवून ठेवत नसतात. इस्तारी त्यांच्याच खिशात हात घालू लागला. एकजण गावाला फोन लावून बॅटरी मागवत होता, तर इस्तारीने त्याच्या हातातला फोन चालू असतानाच उघडला. शेवटी लालसूची बॅटरी बसली. ती काढल्यावर त्याला पुढे कोणाशी बोलता येणार नव्हतं, म्हणून तो नाराज होता.

मोबाईल सुरू झाला. या वेळी तो बांबूला बांधू दिला नाही. इस्तारीने कानाशी धरला. तिरडीपुढे आपल्या जागेवर तो चालत राहिला. गायला नाही. ओळ संपायची, थाप पडायची, आणि थापेबरोबर त्याची मान हलायची. तिसऱ्या कडव्यात खोकला आला, मागे सगळे रडले. तो नाही रडला. खोकला चालू असताना नथ्थूने एकट्याने ठेका सांभाळून धरला होता, गडी सावरेपर्यंत. ते इस्तारीला आज पहिल्यांदा ऐकू आलं. तेव्हा मात्र त्याला पुढची वाट दिसेना.

नदीवर सगळं आटोपलं. लोक अंघोळी करून परतू लागले. लालसू बॅटरी परत मागायला आला, पण म्हाताऱ्याचे डोळे पाहून जरा थांबला. काहीतरी बोलायला पाहिजे, म्हणून त्याने विचारलं, "तुमचे कोण लागत होते जी हे?"

"कोण? वाजवणारे का गाणारे?"

लालसूने थोडा विचार केला. "दोघंही."

इस्तारीने मोबाईलची पाठ उघडली, बॅटरी काढून त्याच्या हातावर ठेवली.

"सोबतीचे होते," तो म्हणाला. "सोबतच गेले."