आबांची टोचणी

रघुनाथ आबा कुणालाही रामराम करत नसत. आधी टोचत आणि मग डोळे मिटून बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजत.

माझ्या नव्याकोऱ्या शर्टाला हात लावून म्हणाले, "भाऊ, उशीना अभ्रा मस्त शिवेल शे." मी कापडाचा भाव, शिंप्याचं नाव, सगळं तावातावानं सांगितलं. "तुमनामा माल शे," आबांनी निकाल दिला. जो नुसता हसून पुढे जाई, त्याला शेरा मिळे, "खाली वजन, माल नही!"

नव्वद सालच्या सुमारास आबा दूरच्या अणुइंधनाच्या कारखान्यातून निवृत्त होऊन शिंदखेड्याला परतले होते. बंद नळीत जळणारं युरेनियम किती, हे नळी न फोडता मोजायचं, ही त्यांची नोकरी. "ते सोताहून बोलत नही, भाऊ. त्याले बाहेरतून न्यूट्रॉन मारीसन टोचनं पडस. मंग जितली ओ देस, तितला माल." साध्या युरेनियमात जळणारा भाग हजारात सात असतो म्हणे. आमच्या भाऊबंदांत जळणारे फार जास्त, असं आबांचं मोजमाप होतं.

एका लग्नात त्यांनी नवरीच्या मामाला "वरण पातळ शे" एवढंच म्हटलं. मामा वऱ्हाड परत निघेपर्यंत भांडत होता. आबा खूश.

ओ येत नव्हती ती फक्त घरातून. लेक बाळंतपणात गेली, तेव्हापासून त्यांच्या पत्नी अक्का बोलेनाशा झाल्या होत्या. रांधत, वाढत, पण तोंडातून शब्द नाही. तरी आबा रोज त्यांच्या जेवणाला नावं ठेवत. काय निर्दय माणूस, असं गल्ली म्हणे.

एकदा मी त्यांच्याकडे जेवायला होतो. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि भरीत, बोटं चाटत राहावं असं. आबा म्हणाले, "मीठ कमी शे."

मला राहवेना. "आबा, झकास झालंय की!"

त्यांनी हातानं मला गप्प केलं.

चुलीजवळ चिमटा आदळला. "मीठ बराबर शे! तुमनी जीभच बिघडेल शे!"

आबांचा घास हातातच राहिला. मग त्यांनी मिरचीला नावं ठेवली, भाकरीला ठेवली, अक्कांच्या माहेरालाही सोडलं नाही. अक्का दारात येऊन एकेकाचा समाचार घेत होत्या. भांडता भांडता लेकीचं नाव तोंडात आलं आणि त्या मटकन खाली बसून रडू लागल्या.

आबा पानावरून उठले, खरकट्या हातानंच त्यांच्याजवळ जाऊन बसले.

"बोल," म्हणाले, "आखो, आनखी बोल."