शाओ सरांची श्रवणचाचणी

मार्चच्या बैठकीत शाओ पेइलिन सरांनी जाहीर करून टाकलं, की या खेपेला इंग्रजी श्रवणाची सरासरी वीसच्या वर जाणार. तीसपैकी वीस. मागच्या सराव परीक्षेत ती सतरावर अडकली होती.

उपमुख्याध्यापिका निए मॅडमनी वहीतून मान वर केली. "लिहून घेऊ?"

"घ्या. हवं तर ठळक अक्षरात घ्या."

मॅडमनी खरंच ठळक अक्षरात लिहिलं. जूनमधल्या गाओकाओला, म्हणजे विद्यापीठ प्रवेशाच्या परीक्षेला, अडीच महिने उरले होते आणि शहरातल्या शिक्षण कार्यालयाला दर पंधरवड्याला आकडे पाठवावे लागत. शेवटच्या वर्षाच्या तिन्ही वर्गांना, म्हणजे एकशे छप्पन्न पोरांना, इंग्रजी शिकवायला आता एकटे शाओ सरच होते. बाकीच्या दोघी शिक्षिका समुद्रकाठच्या शहरात जास्त पगारावर निघून गेल्या होत्या. त्यामुळे सरांच्या शब्दाला वजन होतं, किंवा असं म्हणू, की दुसऱ्या कुणाचा शब्द उपलब्धच नव्हता.

एक गोष्ट मात्र सरांनी बैठकीत सांगितली नाही. त्यांचा डावा कान चार वर्षांपूर्वीच गेला होता आणि उजवाही त्याच्या मागोमाग निघाला होता.

हे फक्त त्यांच्या बायकोला ठाऊक आहे, अशी त्यांची समजूत होती. बैठकीत ते नेहमी डावीकडच्या टोकाची खुर्ची धरत, म्हणजे सगळी माणसं उजव्या अंगाला येत. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बघत. पोरांना वाटत असणार, सर किती लक्ष देऊन ऐकतात. बायकोनं कानाच्या यंत्राचा विषय काढला की ते जेवण अर्धवट टाकून उठत. श्रवण शिकवणारा मास्तर कानात यंत्र घालून वर्गात गेला, तर ते पोहायला शिकवणाऱ्यानं कमरेला टायर बांधून तळ्यात उतरण्यासारखं झालं असतं. निवृत्तीला दोन वर्षं होती. दोन वर्षं कान टिकवायचे, नाही टिकले तर चेहरा टिकवायचा, असा त्यांचा हिशेब होता.

सराव परीक्षेच्या दिवशी शाळेत नेहमीप्रमाणे स्मशानशांतता पाळण्यात आली. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं विटांचा ट्रक दूरच थांबवला. खानावळीतल्या आचाऱ्याला कोबी चिरायची मनाई झाली. तळ्यातल्या बदकांना आदल्या दिवशीच पलीकडच्या वाडीत हाकललं होतं.

ध्वनिमुद्रणं वाजवायची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. तिथला लू हा कंत्राटी माणूस, इंग्रजीचा गंध नसलेला, पण यंत्रांच्या बाबतीत काटेकोर. शहरातून आलेल्या पेनड्राइव्हमध्ये दोन ध्वनिमुद्रणं होती, एक खरं आणि एक अडीअडचणीसाठी राखीव. दोन्ही बरोबर वीस मिनिटांची. लू सरांच्या डाव्या खांद्यामागून म्हणाला, "सर, वरचं राखीव आहे. खालचं लावा."

"बरं, बरं," सर म्हणाले, आणि त्यांनी वरचं लावलं.

लू आचाऱ्यावर नजर ठेवायला खाली निघून गेला. सर प्रश्नपत्रिका हातात घेऊन पडद्यावर पुढे सरकणारी हिरवी रेघ बघत बसले. रेघ सरकतेय म्हणजे आवाज जातोय. मधूनमधून त्यांनी समाधानानं मानही डोलावली.

खाली तीन वर्गांत एकशे छप्पन्न पोरं ऐकत होती. प्रश्नपत्रिकेवर पहिला प्रश्न होता, बाईच्या छत्रीचा रंग कोणता? कर्ण्यातली बाई रेल्वेची तिकिटं काढत होती. दुसरा प्रश्न होता, भाऊ डॉक्टरकडे का गेला? कर्ण्यातला माणूस शेजाऱ्याच्या कुत्र्याबद्दल माफी मागत होता. पोरांनी एकमेकांकडे चोरून पाहिलं. प्रत्येकाला दुसऱ्याचं पेन हलताना दिसलं. मग ज्याचं थांबलं होतं त्यानंही हलवायला सुरुवात केली. देखरेखीला रसायनशास्त्राचे आणि गणिताचे शिक्षक होते. त्यांच्या दृष्टीनं सगळं इंग्रजी सारखंच.

दोन दिवसांनी यंत्रानं निकाल दिला. सरासरी, दहा पूर्णांक दोन.

निए मॅडमनी ठळक अक्षरातलं पान उघडून सरांसमोर धरलं. "शाओ, एक विचारते. तीन पर्यायांतला एक डोळे मिटून निवडला तर तीसपैकी किती मिळतात?"

"सरासरी दहा."

"म्हणजे तुमच्या दोन वर्षांच्या शिकवण्याची किंमत दोन दशांश."

वाचनाच्या भागात हीच पोरं मागच्यापेक्षा दोन मार्कांनी पुढे गेली होती. डोकी ठीक होती, शब्द येत होते, फक्त ऐकण्यात सगळी एकदम आपटली होती. मॅडम खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. थोड्या वेळानं वळल्या तेव्हा त्यांना उत्तर सापडलं होतं.

"कान," त्या म्हणाल्या. "दिवसभर त्या मोबाइलच्या बोंडक्या कानात खुपसून फिरतात. पोरांचे कान बिघडलेत."

सर ताबडतोब म्हणाले, "मलाही तेच वाटत होतं."

सोमवारी तालुक्याच्या इस्पितळातून दोन डॉक्टर आले. एकशे छप्पन्न पोरं मैदानात रांगेनं उभी राहिली आणि तीनशे बारा कान तपासले गेले. एका कानातून सोयाबीनचा दाणा निघाला, तोही बालवाडीच्या काळातला असावा असं डॉक्टर म्हणाले. त्या दाण्याचा फोटो अहवालाला जोडला गेला. जे खावं ते अंगाला लागतं, या हिशेबानं खानावळीत आठवडाभर डुकराचे कान शिजले. रोज सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी जादा श्रवण सुरू झालं. शिक्षण कार्यालयाला ही मोहीम इतकी आवडली, की त्यांनी इतर शाळांना पाठवण्यासाठी टिपण मागवलं.

या सगळ्यात एक आकडा खुपत राहिला. तिसऱ्या वर्गातल्या थांग शियाओमान नावाच्या मुलीला श्रवणात शून्य होतं. वीसच्या वीस प्रश्न कोरे. सर दोन वर्षं घसा फोडून सांगत होते की काही कळलं नाही तरी गोल काळा करा, आणि हिनं एकही केला नव्हता. मॅडमच्या मते हा आजार कानाचा नव्हता, वृत्तीचा होता.

मुलीच्या आईला बोलावणं गेलं. ती कपड्यांना लावायच्या चेनी बनवणाऱ्या कारखान्यात कामाला होती, पाळी बदलून आली. अंगात कारखान्याचा निळा डगला तसाच होता. शिक्षकांच्या खोलीत तिला खुर्ची दिली तरी ती उभीच राहिली.

"सर, तुम्ही हवं तर मारा तिला," ती म्हणाली. "मी काही बोलणार नाही."

"मारायचं काय त्यात," सर म्हणाले, आणि मुलीकडे वळले. "शियाओमान, का कोरा ठेवलास पेपर?"

मुलगी खाली बघत पुटपुटली, "सर, छत्रीच नव्हती."

खाली घातलेल्या मानेमुळे सरांना तिचे ओठ दिसले नाहीत. त्यांना ऐकू आलं, "सर, खात्रीच नव्हती."

"अगं, खात्री कुणाला असते? परीक्षेत खात्रीची वाट बघत बसलीस तर पेपर कोराच जाणार."

मुलीनं गोंधळून वर पाहिलं. "पण सर, प्रश्नात होती. ऐकताना कुठेच नव्हती."

"ती प्रश्नातही नसते आणि ऐकण्यातही नसते. ती आपल्या मनात आणावी लागते."

"छत्री?"

"खात्री. तेच तर सांगतोय."

आईला मात्र नीट ऐकू आलं होतं. तिनं मुलीच्या दंडाला धरलं. "छत्री नव्हती तर मला सांगायचं होतंस. घरात दोन पडल्यात. एवढ्यासाठी पेपर सोडतात का?"

मुलीनं आईकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं, आणि तोंड मिटून घेतलं. निए मॅडम फोनवर मोहिमेचं टिपण तपासत होत्या. त्यांनी मान न उचलताच एक कागद टेबलावर सरकवला. मुलीला शहराजवळच्या व्यवसाय शिक्षण वर्गात हलवायला पालकांची हरकत नाही, असं त्यावर छापलेलं होतं. तिकडे गेलं की जूनमध्ये गाओकाओला बसायचं नाही. वर्षभरात एखाद्या कारखान्यात चिकटायचं.

"तिच्याच भल्याचं आहे," मॅडम म्हणाल्या. "झेपत नसताना कशाला ओढायचं?"

आईनं कागद हातात घेतला. "मला वाटलं होतं, निदान ही तरी चेनी जोडणार नाही," ती कुणालाच उद्देशून न बोलता म्हणाली. मग तिनं सही केली. तिच्या बोटांची टोकं पितळेच्या धुळीनं काळी पडली होती आणि कागदावर त्याचा डाग उमटला. त्याबद्दलही तिनं माफी मागितली.

जाताना शियाओमाननं दप्तरातून घडी घातलेली प्रश्नपत्रिका काढून सरांच्या टेबलावर ठेवली. काहीतरी म्हणालीसुद्धा. सरांनी मान हलवली.

दुपारच्या मोकळ्या तासाला सरांनी ती उघडली. समासात पेन्सिलीनं, मुंगीएवढ्या अक्षरांत इंग्रजी लिहिलेलं होतं. पहिल्या प्रश्नाशेजारी होतं, 'बाई दोन तिकिटं घेते. गाडी चाळीस मिनिटं उशिरा. छत्री नाही.' दुसऱ्याशेजारी, 'माणूस माफी मागतो. कुत्र्यानं बूट खाल्ला. डॉक्टर नाही.' वीसच्या वीस प्रश्नांना असं होतं. चौदाव्यापाशी तिनं लिहिलं होतं, 'हे कुणीच विचारत नाहीये.' शेवटच्या प्रश्नाशेजारी, अक्षर आणखी बारीक करून, 'कदाचित माझंच चुकत असेल.'

त्यांनी कपाटातलं शहराचं पाकीट काढलं. राखीव ध्वनिमुद्रणाचा छापील मजकूर आत होता. ओळीला ओळ जुळली. अख्ख्या वीस मिनिटांत मुलीच्या हातून तीन शब्द निसटले होते. सदतीस वर्षांच्या नोकरीत इतकं स्वच्छ ऐकणारा कान त्यांच्या वर्गात आलेला नव्हता, आणि त्याला त्यांनी शून्य दिलं होतं.

पाकीट कपाटात परत टाकून गप्प बसता आलं असतं. हे त्यांना सुचलं नाही असं नाही. चहाचा पेला पूर्ण गार होईपर्यंत ते हाच विचार करत बसले होते. मग प्रश्नपत्रिका आणि तो मजकूर घेऊन मॅडमच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

मॅडमनी दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले. त्या हुशार होत्या, त्यांना एक मिनिट पुरलं.

"लूनं चुकीचं लावलं," त्या म्हणाल्या. "कंत्राटी आहे. उद्या काढून टाकू."

"मी लावलं. त्यानं सांगितलं होतं. मला ऐकू आलं नाही."

"मग वीस मिनिटं तिथे बसून काय ऐकलंत?"

"काहीच नाही, मॅडम. मला ऐकू येत नाही."

मॅडमनी दोन्ही कागद बाजूला सारले. "टिपण सकाळी गेलं," त्या म्हणाल्या. "उद्यापासून अकरा शाळांत डुकराचे कान शिजणार आहेत. आता मी कळवू, की बिघडलेले कान मास्तरांचे होते?"

"काही कळवू नका. त्या मुलीचा कागद मला द्या."

"आणि नाही दिला तर?"

"तर मी कळवतो. मला ऐकू येत नाही, लिहिता येतं."

मॅडमनी खण उघडला. काळा डाग पडलेला कागद त्यांच्यासमोर ठेवला, पण त्यावरचा हात लगेच उचलला नाही. "उद्या डॉक्टर शिक्षकांचेही कान तपासायला येतायत. तुम्ही आजपासून आजारी रजेवर जा. बरे झालात की वाचनालयात बसा. वर्ग नाही."

"बरं," सर म्हणाले. या वेळी त्यांना प्रत्येक शब्द कळला होता, कारण त्या अगदी सावकाश बोलल्या होत्या.

पुढच्या सराव परीक्षेत लूनं खालचं ध्वनिमुद्रण लावलं आणि सरासरी पुन्हा सतरावर आली. दहावरून सतरा. ही झेप पाहून शिक्षण कार्यालयानं निए मॅडमचा सत्कार केला. खानावळीच्या आचाऱ्यालाही प्रमाणपत्र मिळालं. शियाओमानला तीसपैकी साडेअठ्ठावीस पडले, पण ते कुणी वाचून दाखवले नाहीत, कारण मॅडमना तिचं नाव कुठेच नको होतं.

त्याआधी, रजेवर जायच्या दिवशी, सर तिसऱ्या वर्गाच्या दाराशी गेले होते. शियाओमानला बाहेर बोलावून त्यांनी तो कागद तिच्या हातात दिला.

"फाडून टाक. आईला सांग, जूनला तू बसते आहेस. चूक माझी होती. चुकीचं ध्वनिमुद्रण मी लावलं." घसा खाकरून त्यांनी उरलेलंही सांगून टाकलं. "मला ऐकू येत नाही, शियाओमान. चार वर्षं झाली."

मुलीला मुळीच आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. ती त्यांच्या उजव्या बाजूला सरकली, मान वर केली आणि एकेक शब्द तोडून बोलली. "माहीत आहे, सर. सगळ्या वर्गाला माहीत आहे."

सर भिंतीला टेकले. "मग त्या दिवशी एवढ्या पोरांतून एकानंही येऊन सांगू नये, की भलतंच वाजलं म्हणून?"

"सांगितलं होतं, सर. पेपर सुटल्याबरोबर. मॉनिटरनं इथेच, व्हरांड्यात, तुम्हाला गाठलं. आम्ही सगळे मागे उभे होतो."

"मला?" सरांनी विचारलं. "मी काय म्हणालो?"

सांगावं की नाही, असं शियाओमानला वाटत असावं.

"तुम्ही म्हणालात, छान. घरच्यांनाही कळवा."