जांभळा कठडा

कोणत्याही दुखण्याला औषध मिळो न मिळो, रंग मिळालाच पाहिजे. या उदात्त विचारातून नाशकात गंगापूर रोडला एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर ‘विभागीय रंग व प्रतीक समन्वय कक्ष’ सुरू झाला. काम जोखमीचं. स्तनाच्या कर्करोगाला गुलाबी, एड्सला लाल, मानसिक आरोग्याला हिरवा, अपस्माराला जांभळा, आणि डाउन सिंड्रोमच्या दिवशी दोन पायांत दोन वेगळे मोजे. (त्या दिवशी कक्षप्रमुख आहेरसाहेब सँडल घालून आले, म्हणून तेवढी जागृती पुढच्या वर्षावर ढकलण्यात आली.) एकूण व्यवस्था इतकी चोख, की आजारी माणसं सोडली तर कुणाचाच गोंधळ होत नाही.

रंगीत फिती कापायचं काम उज्वला बोरस्तेकडे. निफाडची, वय अडतीस, लहानपणी डाव्या पायाला पोलिओ झालेला, काखेत कुबडी, आणि जीभ अशी की कुबडी नसती तरी ऑफिसात तिचा दबदबा राहिला असता. तिनं टाचलेली फीत छातीवर कधी वाकडी बसली नाही.

कक्षाला पायऱ्या बावीस. लिफ्टची जागा आहे, तिथे जुने बॅनर ठेवतात. जिन्याला कठडाही आहे, पण चढताना तो नेमका कुबडीच्या बाजूला येतो, आणि मोकळ्या हाताला नुसती भिंत. उतरताना मात्र तोच कठडा बरोबर मोकळ्या हाताला येतो. थोडक्यात, उज्वलाला घरी जाता येतं, कामावर येता येत नाही. (बाकीच्या स्टाफचंही तसंच आहे, पण त्यांच्याकडे कठड्याची सबब नाही.)

म्हणून अकरा वर्षं ती मंगळूच्या खांद्यावर हात ठेवून चढत आली. मंगळू शिपाई, पेठकडचा, उंचीनं बेताचा. खांदा जणू तिच्या हाताच्या मापानं घेतलेला. हा खांदा ३१ डिसेंबरला रिटायर होणार होता.

“ताई, म्या गेल्यावर कसं व्हायाचं तुमचं?” मंगळू विचारायचा.

“खांदा तेवढा ठेवून जा.”

“ठिवतो. पेन्शन मात्र माझ्याच नावावर राहू द्या.”

दोघं हसायचे. पण घरी गेल्यावर उज्वलाला हसू यायचं नाही. मंगळू गेला की दोन जण आपल्याला खुर्चीत बसवून उचलून नेणार, हे तिला दिसत होतं. “मी काय गणपती आहे का?” ती आईला म्हणाली. स्वतःच्या पायांनी, कसंही, पण स्वतः चढायचं, एवढंच तिला हवं होतं.

जूनमध्ये तिनं तीन ओळींचा अर्ज दिला: चढताना उजव्या हाताला, भिंतीवर, लोखंडी पाईपचा कठडा बसवावा, ही विनंती.

आहेरसाहेब मनानं फार चांगले. अर्ज वाचून त्यांचे डोळे पाणावले. “मॅडम, कठडा झालाच समजा! फक्त रंग कोणता, ते ठरवू.”

त्यावर सात बैठका झाल्या. निळा सुचवला गेला, कारण व्हीलचेअरची खूण निळी असते. पण व्हीलचेअर जिना चढत नाही, तेव्हा निळ्यानं जनतेची दिशाभूल झाली असती. पांढरा म्हणजे पांढरी काठी, त्याला अंधांची संमती लागली असती. हिरवा लावला तर स्टाफच्या मानसिक आरोग्याबद्दल लोकांचा संशय पक्का झाला असता. लाल नको, लोक हात लावायला घाबरतील, असं खुद्द जागृती अधिकारीच म्हणाले. सहाव्या बैठकीत उज्वला कळवळून बोलली, “साहेब, गंजलेला चालेल हो!” (इतिवृत्तातली नोंद: ‘सदस्यांनी रंगाबाबत आस्था व्यक्त केली.’) अखेर तीन डिसेंबरच्या जागतिक दिव्यांग दिनाचा म्हणून जांभळा एकमतानं मंजूर झाला.

रंग मंजूर झाला. पाईप मात्र बांधकामवाल्यांकडे. लोखंड हे जागृतीत बसत नाही. आणि मंजूर काम तीन डिसेंबरच्या आत व्हायलाच हवं. तेव्हा भिका पेंटरला बोलावणं गेलं. ट्रकांच्या फाळक्यांवर मोर काढण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही.

“पाईप कुठंय?” डबा खाली ठेवत भिकानं विचारलं.

“येईल. तू तुझं काम उरकून घे,” साहेब म्हणाले.

भिका कलावंत माणूस. त्यानं दोन दिवसांत भिंतीवर बावीस पायऱ्यांचा अख्खा जांभळा कठडा रंगवला. त्यावर उजेडाची चमक, खाली सावली, प्रत्येक क्लॅम्पला चार स्क्रू, आणि खरं वाटावं म्हणून त्यातला एक सैल.

“भिकाभाऊ, हात टाकावासा वाटतो हो,” उज्वला म्हणाली. राग यायला हवा होता, पण काम खरोखर देखणं होतं.

“हात सोडून काय बी टाका, मॅडम.”

तीन डिसेंबरला जिन्यात सेल्फीसाठी रांग लागली. आहेरसाहेब डाव्या हातात पुष्पगुच्छ धरून, पाहुण्यांकडे वळून हसत चढत होते. चौदाव्या पायरीवर तोल गेला आणि त्यांनी संपूर्ण विश्वासानं कठड्यावर हात टाकला. कक्षाच्या प्रतीकावर इतका गाढ विश्वास आजवर कुणी दाखवला नव्हता. साहेब नवव्या पायरीवर सापडले. प्लास्टर घालावं लागलं, तेही नेमकं उज्वलाचा जो पाय, त्याच पायाला.

आठ तारखेला साहेब कुबडी घेऊन हजर झाले. वजन ब्याण्णव किलो. सहाव्या पायरीवर मंगळू साहेबांसकट खाली बसला. कसेबसे खाली उतरून साहेब पहिल्या पायरीवर, मंगळूच्या खांद्याची आधीच वाट बघत बसलेल्या उज्वलाशेजारी टेकले.

“मॅडम,” ते म्हणाले, “तुम्ही रोज असं?”

“रोज नाही, साहेब. रविवारी सुट्टी असते.”

दुसऱ्या दिवशी दहाच्या आत सातपूरचा वेल्डर पाईप भिंतीवर बसवून मोकळाही झाला. कोणता रंग, असं कुणीही विचारलं नाही. पाईपच्या अंगावर नुसता विटकरी प्रायमर, तोही ओला. उज्वलानं पाईप धरला आणि बावीस पायऱ्या एकटी चढली. मंगळू मागून, हात पुढे करून चालत होता, पण तो तिला शिवलाही नाही. वर पोचल्यावर तिला इतका आनंद झाला, की ती हसतेय का रडतेय, हे तिचं तिलाच कळेना. (हजेरीच्या मशीननं तिचा अंगठा घेतला नाही; त्याला प्रायमर लागला होता. त्या दिवशी तिची गैरहजेरी लागली. तिनं ती आनंदानं सोसली.)

मंगळू ठरल्या दिवशी खांदा घेऊन पेठला गेला. साहेबांचं प्लास्टर निघालं, आणि निघाल्याबरोबर त्यांच्या लक्षात आलं की विटकरी रंग मंजूर नाही. आता पाईपही जांभळा आहे. लोक लांबून बघायला येतात, जिन्यात फोटो काढतात आणि वर येऊन उज्वलाच्या टेबलासमोर भारावून उभे राहतात. फीत टाचण्याआधी ती बसल्या जागेवरून दोन प्रश्न विचारते.

“कठडा कोणत्या रंगाचा?”

“जांभळा!” सगळे एका सुरात.

“माझा कोणता पाय?”

मग लोक टेबलाखाली डोकावू लागतात. आजवर एकालाही सांगता आलेलं नाही. पण तुमची गोष्ट वेगळी, तुम्ही आत्ता एवढं सगळं मन लावून वाचलंत. तेव्हा सांगा बघू.

राहू द्या, पानं मागे उलटू नका. फीत तयार आहे. जरा छाती पुढे करा.