आधी जागा, मग भाकर

समस्त खोडद ग्रामस्थ, पै-पाहुणे, भजनी मंडळ आणि टोमॅटोच्या गाड्या भरायला आलेले बंधू-भगिनी यांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, आपल्या गावचे ज्येष्ठ नागरिक बिरूमामा यांनी चेन्नई शहरातील आणखी एक हॉटेल आज सकाळी नापास केले आहे. नापासाचे कारण : हॉटेलाच्या फोटोत कुठेही कुत्रे दिसत नाही. तरी सर्वांनी नोंद घ्यावी.

ही घोषणा मी खरोखर माईकवरून केली. माझा मांडव आणि स्पीकरचा धंदा आहे. लग्न, जत्रा, दहावा, काहीही असो, गावात घुमणारा आवाज माझाच. त्या दिवशी देवळापुढे सप्ताहासाठी माईक तपासत होतो. ‘हॅलो हॅलो, एक दोन तीन’ म्हणायचा कंटाळा आला, म्हणून ही ताजी बातमी सोडली. लोक पोट धरून हसले. बिरूमामा मात्र पारावरून उठले, सरळ माझ्यापाशी आले आणि म्हणाले, "माईकवाले, अर्धंच सांगितलंत. दारातलं झाड बी प्लास्टिकचं व्हतं म्हनावं."

बिरूमामा माझे सख्खे मामा नव्हेत, साऱ्या गावाचे मामा. सत्तरी उलटली तरी अंगाने त्यांच्या हातातल्या काठीसारखे ताठ. डोक्याला लाल पागोटं, खांद्यावर घोंगडी, आणि ही घोंगडी वैशाखातही उतरत नाही. "थंडी आडवती ती ऊन बी आडवती," हे त्यावरचं त्यांचं विज्ञान. आमच्या गावाला विज्ञानाचं तसं वावडं नाही. शिवारात रेडिओ दुर्बिणीच्या भल्यामोठ्या तबकड्या आभाळाकडे तोंड करून उभ्याच आहेत. मामा त्यांच्याकडे बघून म्हणतात, "ह्या चांदन्यांचं ऐकत्यात. शेजाऱ्याचं काय ऐकत न्हाईत."

मामांची उमर गेली मेंढरांमागे. दिवाळी झाली की घाट उतरून कोकणात जायचं आणि पावसाच्या तोंडाला परत वर यायचं. रोज नवा मुक्काम. त्यात मामांचं काम एकच, पण सर्वांत मोठं : सगळ्यांच्या पुढे एकट्याने जायचं आणि रात्रीच्या तळाची जागा हेरायची. पाणी कुठे आहे, वारा कुठून येतो, लांडगा कुठून येईल, शेताचा मालक कसा बोलतो, हे सगळं बघून जागा ठरवायची. मागून घोड्यावर बिऱ्हाड लादून सगुणामामी यायची. मामांचं ब्रीदवाक्य तेव्हापासूनचं : "आधी जागा, मग भाकर."

पुढे मुलाने, सुभाषने, बागायत केली, मेंढरं विकली, स्लॅबचं घर बांधलं. घराची जागा इंजिनिअरने दाखवली. दार कुठे, खिडकी कुठे, ते गवंड्याने ठरवलं. वारा कुठून येतो हे मामांना कुणीच विचारलं नाही. उन्हाळाभर मामा बाहेर बाभळीखाली झोपतात.

अशा माणसाच्या नातीने, रेश्माने, चेन्नईला शिकायला जावं आणि पदवी मिळवावी, इथून आमच्या कथेला रंग चढतो. समारंभाला आजी-आजोबा पाहिजेतच, असा पोरीचा हट्ट. ती राहते मुलींच्या वसतिगृहात, तिथे बाप्या माणसाला फाटकाच्या आत प्रवेश नाही. सुभाषचा टोमॅटो ऐन तोडणीला आलेला. तेव्हा म्हाताऱ्यांना नेण्याची जबाबदारी माझ्यावर आली. मला हिंदी येते आणि मोठ्याने बोलता येतं, एवढ्या पात्रतेवर. तिकिटं काढली. राहिलं फक्त तीन रात्रींचं स्वस्तातलं हॉटेल. मी म्हटलं, मोबाईलवर बघू, बोट दाबू, झालं.

"बोट दाबून?" मामांच्या भुवया पागोट्यात शिरल्या. "राव, जागा हाय का गूळ हाय, बोट दाबून बघायला?"

त्या दिवसापासून रोज सकाळी मामा माझ्या दुकानात आणि मी मोबाईलवर चेन्नईची हॉटेलं दाखवतोय. पोहण्याचा तलाव असलेलं एक दाखवलं. मामा म्हणाले, "पानी निळं हाय. निळं पानी जनावर पीत न्हाई." सातव्या मजल्यावरची खोली दाखवली. "चढायला मेंढरू बी चढंल. उतरायचं काय?" एकाच्या दारात काचेच्या कुंडीत हिरवंगार झाड होतं. मामांनी फोटो दोन बोटांनी मोठा केला (हे मात्र त्यांना झटक्यात आलं) आणि निकाल दिला, "खोटं हाय. ज्याला झाड जगवता येत न्हाई त्यो पावनं काय जगिवनार?" आणि सगळ्यात मुख्य परीक्षा कुत्र्याची. कुत्रं जिथे निवांत पसरतं ती जागा गार, बिनमुंग्यांची आणि मालक दगड न मारणारा, असा त्यांचा पक्का सिद्धांत. आता सांगा, कुठला हॉटेलवाला आपल्या जाहिरातीत दारात पसरलेलं कुत्रं दाखवील?

एकदा मामा म्हणाले, "मला बोलू द्या मालकाशी." गावात रेंज बेताची, म्हणून त्यांना टेम्पोच्या टपावर बसवलं. घोंगडी सावरून, काठी आडवी ठेवून मामांनी चेन्नईला हाक मारली. हो, हाकच. फोन नसता तरी पोचली असती.

"हालो! हम तीन मानूस. तीन रात तुम्हारे यहाँ बैठेगा. तुम क्या देगा?"

हा प्रश्न ऐकून मी टपावरून खाली पडायचा राहिलो. पण त्यात मामांची चूक नव्हती. मेंढरं ज्याच्या शेतात रात्री बसतात त्याला फुकटचं लेंडीखत मिळतं. म्हणून शेतकरीच धनगराला धान्य देतो, वर चहा पाजतो. साऱ्या आयुष्यात मामा हजारो ठिकाणी मुक्कामाला राहिले, आणि प्रत्येक ठिकाणी जागेच्या मालकाने त्यांना काही ना काही दिलं. मुक्कामाला आलेल्यानेच पैसे मोजायचे असतात, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

पलीकडचा माणूस सभ्य होता. तो म्हणाला, "ब्रेकफास्ट फ्री, सर."

मामांनी फोनवर हात ठेवला आणि डोळे मिचकावले. "सकाळची न्यारी दितो म्हनतोय. गडी नमला!" मग पुन्हा फोनवर, "और जवारी?"

ज्वारीपाशी बोलणी फिसकटली. मी टपावरच मामांना खोलीचं भाडं ही कल्पना समजावून सांगितली. मामांनी आडवी ठेवलेली काठी उभी केली.

"म्हंजी जागा त्याची, ऱ्हानार आपन, आन् पैकं बी आपलंच?"

"मामा, आपण काय मेंढरं आहोत का?"

"त्येच म्हनतो मी. मेंढराला दित्यात, मानसाकडनं घेत्यात. मंग श्यानं कोन, सांगा."

जाण्याचा दिवस जवळ आला आणि हॉटेलचा पत्ता नाही. मी कावलो. शेवटी सगुणामामीकडे गेलो. ती ओट्यावर लसूण निवडत होती. म्हटलं, "मामी, तुम्हीच सांगा त्यांना. कुठलंही एक हॉटेल चालेल म्हणा."

मामी फिस्सकन हसली. "त्यांनी जागा बघायची आन् म्या बोलायचं? पोरा, ह्या मानसानं मला वारुळावर निजवलंय वारुळावर!"

ही वारुळाची गोष्ट साऱ्या तालुक्याला पाठ आहे. मामी ती प्रत्येक लग्नात सांगते, आणि माईक माझा असल्यामुळे दोनदा तर मीच तिच्या हातात दिला. लग्नानंतरचा पहिलाच प्रवास, नवीन नवरी, आणि मामांनी मोठ्या ऐटीत जागा हेरली ती नेमकी मुंग्यांच्या वारुळावर. रात्री पीठ मुंग्यांचं, अंथरूण मुंग्यांचं, नवरी कडेला उभी राहून रडतेय आणि नवरा घोंगडीने मुंग्या झाडतोय. "तवापास्नं यांच्या एका बी जागेला म्या बरी म्हनलं न्हाई," मामी अभिमानाने सांगते. "काट्यात निजले, चिखलात निजले, पन बरी म्हनलं न्हाई!" लोक हसतात. मामाही हसतात. पण त्यांचे कान लाल होतात, ते माईकजवळ उभ्या असणाऱ्या माणसालाच दिसतं.

त्या संध्याकाळी मामा मला बांधावर भेटले. काठीने ढेकूळ फोडत म्हणाले, "माईकवाले, तुमी म्हनता म्हातारा येडा झाला. पन बघा, आता मेंढरं न्हाईत. पुन्यांदा कोन मला जागा बघाय लावनार? ही शेवटची. हिला तरी म्हातारीनं नाव ठिवू नये, येवढंच."

मी म्हटलं, "बघू मामा." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मामा गायब!

गायब म्हणजे गावभर शोध. बाभळीखाली घोंगडी नाही, काठी नाही. सुभाष टोमॅटोची तोडणी सोडून पळत आला. मी स्पीकर लावायच्या बेतात होतो, तेवढ्यात मामी शांतपणे म्हणाली, "कशाला बोंबलताय? पुढं गेल्यात. जागा बघाया."

खरंच गेले होते. आम्ही निघायच्या एक दिवस आधी, साध्या डब्यात बसून, एकटे, चेन्नईला. आम्ही गाडीत असताना रेश्माचा फोन आला : आजोबा कुणाच्या तरी फोनवरून बोलले, पोचलो, जागा मिळाली म्हणाले. कुठे, ते विचारलं तर म्हणाले, "पाटीवरचं वाचाय येत न्हाई. स्टेशनापास्नं जवळ हाय. म्हातारीला ठावं हाय कसं यायचं. तू तुझं काम कर." आणि फोन बंद. पोरगी समारंभाच्या तालमीत अडकलेली, संध्याकाळशिवाय सुटणार नव्हती.

चेन्नईच्या स्टेशनाबाहेर आम्ही दोघं उभे. उकाडा असा, की शर्ट अंगाला नव्हे, अंगच शर्टाला चिकटलंय. रिक्षावाले, मोगऱ्याचे गजरे, शहाळी, हॉर्न, आणि एकही अक्षर ओळखीचं नाही. माझ्या हातात दोन बॅगा, बगलेत मामीचं गाठोडं. मी फोनवर जवळचं एक हॉटेल शोधून तिथला रस्ता लावला. मामी मात्र खाली मान घालून जमीन बघत होती.

"ही बघ," ती म्हणाली.

विजेच्या खांबाच्या बुंध्याशी कडुलिंबाची ताजी डहाळी. वर एक दगड ठेवलेला.

जुनी रीत. पुढे गेलेल्याने प्रत्येक फाट्यावर डहाळी मोडून ठेवायची. शेंडा जिकडे, वाट तिकडे. मामी पदर खोचून निघाली. मोठ्या रस्त्याच्या कडेने दुसरी डहाळी, फुलवाल्यापाशी तिसरी. माझ्या फोनमधली बाई डावीकडे वळा म्हणत होती, मामी उजवीकडे वळली. फोनमधली बाई पुन्हा बोलली.

"तिला गप कर आधी," मामी खेकसली. "तिनं कवा मेंढरं राखली?"

एका चौकात मात्र घात झाला. तिथे एक गाय उभी होती आणि आमची डहाळी चघळत होती. मी कपाळाला हात लावला. मामीने गाईचं तोंड बघितलं, दगडाखाली बघितलं. "शेंडा खाल्लाय, बुडखा ऱ्हायलाय. बुडखा हिकडं, म्हंजी जायचं तिकडं. चल."

पुढच्याच गल्लीच्या तोंडाशी लाल पागोटं दिसलं. काठीवर हनुवटी टेकून, एका पायावर भार देऊन मामा उभे होते. बाजूला कपाळाला भस्म लावलेला एक किडकिडीत माणूस, हॉटेलचा मालक. आणि दारात सावलीला, चारी पाय ताणून, जगाची फिकीर नसलेलं एक तांबडं कुत्रं.

"गडी बरा हाय," मामांनी मालकाची ओळख करून दिली. "मी मराठीत बोलतो, त्यो त्याच्यात बोलतो. कालपास्नं एकदा बी वाद न्हाई."

खोली पहिल्या मजल्यावर. छोटी, पण समोर खरा कडुलिंब, खिडकीतून समुद्राकडचा वारा. मामा दारातच थांबले. आत गेले नाहीत. मामी आत गेली. तिने खाटेवर हात दाबून बघितला, मोरीतला नळ सोडून बघितला. मग तिची नजर कोपऱ्यात गेली. तिथे गुळाचा एक खडा होता. ती दुसऱ्या कोपऱ्यात गेली. तिथेही खडा. चारही कोपऱ्यांत गूळ, आणि एकाही खड्याला मुंगी नाही.

मी मामांकडे बघितलं. ते पागोटं काढून हातात घेऊन उभे होते. "रातभर ठिवला व्हता," ते पुटपुटले. "म्हनलं, बघावं."

मामीने खाली वाकून एक खडा उचलला, पदराला पुसला, अर्धा तोंडात टाकला, अर्धा मामांच्या हातावर ठेवला. मग खाटेवर मांडी घालून अशी बसली, जशी तिन्ही रात्रींची, सातही जन्मांची मालकीण. खिडकीतून वारा आला. मामा अजून उंबऱ्याबाहेरच, हातात अर्धा गूळ, कान लालभडक.

तेवढ्यात माझा फोन वाजला. रेश्मा विचारत होती, उद्या सकाळी सगळे वेळेवर निघाल ना? मी स्पीकर लावला, धंद्याची सवय. आणि मामी खाटेवरूनच, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली :

"मी न्हाई उठायची हितनं आता! तुझी ती पदवी हितंच घिऊन ये म्हनावं!"