दाब वाढवा, गुणवंतराव

जमिनीखालचा वायू मला कळतो, याबद्दल निदान माझ्या मनात तरी शंका नव्हती! गोष्ट सत्त्याण्णवची. मी ब्रह्मपुरीचा, वायूच्या विहिरींवर इंजिनियर. नागभीडजवळच्या एका गावात गुणवंतरावांची दामिनी बघायला गेलो होतो. मला ती बघताक्षणी आवडली. आता होकार त्यांच्याकडून यायचा होता.

गुणवंतरावांनी नोकरीचं विचारलं. मी सांगितलं, तीन किलोमीटर खाली दगडाच्या बारीक छिद्रांत वायू कोंडलेला असतो. पेट्रोलसारखं तेल त्यात वाफ होऊन मिसळलेलं असतं. वायू काढत गेलं की दाब उतरतो आणि त्या तेलाचे थेंब होऊन तिथंच दगडाला धरून बसतात. किती अडकतील, ते मी वर बसून आधीच सांगतो. हे सांगताना माझ्याच अंगावर काटा येतो! गुणवंतरावांनी तर हात जोडले.

पण चहा काही येईना. आत गोबरगॅसची शेगडी मिणमिणत होती.

मी उठलोच. दाब उतरला, असं जाहीर केलं. घरामागे शेणाच्या टाकीवर, खाली वायू धरून ठेवणारं लोखंडी झाकण तरंगत होतं. त्यावर वजन ठेवलं की दाब वाढणार, आणि घरात सगळ्यात वजनदार गुणवंतरावच होते! त्यांना आदरानं वर चढवलं. तरी शेगडी मिणमिणतच होती, म्हणून त्यांना जरा कडेला सरकायला सांगितलं.

ते सरकले. झाकण कललं आणि माझे होणारे सासरे कमरेपर्यंत शेणात गेले.

त्यांना न्हाणीत पोचवून दामिनीची आई, वच्छलाबाई, आल्या. टाकीतून शेगडीकडे जाणाऱ्या नळीच्या खोलगट भागातलं बूच त्यांनी उघडलं. तांब्याभर पाणी निघालं. बूच लावताच आत शेगडी निळीशार पेटली.

"वाफेचं पानी साचते जी इथी. आठवड्याले काढा लागते," त्या म्हणाल्या.

मी तांब्याकडे बघतच राहिलो. दहा वर्षं जे नुसतं कागदावर मांडत होतो, तसलं काहीतरी पहिल्यांदा डोळ्यांना दिसत होतं. खरंच भरून आलं.

"तुमच्या दगडात अडकलेलं तेल कोन काढते?" आईमागोमाग आलेल्या दामिनीनं विचारलं.

"बहुतेक कोनालेच नाई काढता येत."

"मंग तुमी काय करता?"

"किती वाया जाईन, ते सांगतो."

"अन् त्याचा पगार भेटते?"

"दर महिन्याले," मी खाली मान घालून म्हणालो.

न्हाणीत पाणी ओतायचं थांबलं. आतून गुणवंतरावांचा आवाज आला, "काई काम न करता पगार भेटते म्हंजे सरकारी नोकरी पक्की हाय. पोराले होकार सांगून टाका."